मोजणाऱ्या मास्तरांच्या नावाची फेलोशिप आणि तुमचे ०.३ डीबी

प्रश्न असा आहे: "मी पुण्यात पीएचडी करतोय, दुसरं वर्ष. विषय २४ गिगाहर्ट्झचा फिल्टर, म्हणजे हव्या त्याच वारंवारता पुढे सोडणारं सर्किट. गेले चार महिने मात्र फिल्टर बाजूला आणि सिम्युलेशन व मोजमापातला ०.३ डीबीचा, म्हणजे डेसिबलचा, फरक शोधतोय. फरक रोज वेगळा येतो. लॅबमधले मित्र म्हणतात, आलेख जरा गुळगुळीत कर आणि पेपर लिही. गाईड म्हणतात, हेच काम घेऊन एआरएफटीजी या मायक्रोवेव्ह मोजणाऱ्यांच्या गटाच्या रॉजर पोलार्ड स्मृती फेलोशिपला अर्ज कर. हे पोलार्ड कोण? मोजमाप करणाऱ्याच्या नावाने वेगळा पुरस्कार कशाला? आणि मोजणं म्हणजे संशोधन होतं का?"

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण मला त्यात चौथाच ऐकू येतोय: चार महिने फुकट गेले का? आधी त्याचंच उत्तर देते. नाही गेले. मात्र ते कशात जमा होतील हे पुढे तुम्ही काय करता त्यावर आहे. तिथे मी शेवटी येईन, कारण त्याआधी पोलार्डांची ओळख आणि एका पासंगाची गोष्ट सांगायला हवी.

माझ्याबद्दल एवढंच, की मायक्रोवेव्ह मापनात तीसेक वर्षं काढली. आधी एका प्रयोगशाळेत, मग कॅलिब्रेशनच्या धंद्यात. आता निवृत्त आहे आणि शनिवारी पोरांना शिकवते. तेव्हा बाजू मोजणाऱ्यांची घेणार, हे गृहीत धरूनच वाचा.

रॉजर पोलार्ड हे इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातले प्राध्यापक. उच्च वारंवारतेच्या मापनाचं अध्यासन त्यांच्याकडे होतं आणि पुढे ते तिथल्या अभियांत्रिकी शाखेचे डीनही झाले. दुसरीकडे १९८१ पासून कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा इथे ते ह्यूलेट-पॅकार्डचे (एचपी) सल्लागार होते. तिचा मोजमापाच्या उपकरणांचा विभाग पुढे अजिलेंट झाला. तुमच्या लॅबमध्ये जो व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर आहे (व्हीएनए, सर्किटमधून पार गेलेली आणि परत आलेली लहर मोजणारं यंत्र), त्याचं घराणं बहुधा त्याच गावचं. १९९८ साली आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या मायक्रोवेव्ह सोसायटीचे ते अध्यक्ष होते. २०११ मध्ये ते गेले. मग एआरएफटीजीने त्यांच्या नावाने मायक्रोवेव्ह मापनात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी फेलोशिप ठेवली.

एआरएफटीजी ही मंडळीही समजून घेण्यासारखी आहेत. साठच्या दशकाच्या अखेरीस एचपीने संगणकाला जोडलेला पहिला स्वयंचलित नेटवर्क अॅनालायझर काढला. कपाटंच्या कपाटं भरतील एवढं यंत्र. ज्यांनी ज्यांनी तो विकत घेतला त्यांना एकसारख्या अडचणी यायला लागल्या, आणि त्या एकमेकांना विचारायला म्हणून १९७२ साली हा गट सुरू झाला. म्हणजे मुळात ही "तुमच्याकडे पण असंच होतं का हो?" विचारणाऱ्यांची बैठक. आता त्यांच्या वर्षाला दोन परिषदा होतात, त्यातली एक मोठ्या आंतरराष्ट्रीय मायक्रोवेव्ह सिंपोझियमच्या आठवड्यातच असते. तिथल्या लोकांना ०.३ डीबी हा विनोद वाटत नाही, हे तुम्ही आत्ताच लक्षात ठेवा.

आता वेगळा पुरस्कार कशाला, हा तुमचा प्रश्न. इथे पासंग येतो.

लहानपणी वाण्याच्या दुकानात तागडीचा तराजू पाहिला असेल तर आठवेल. एक पारडं थोडं जड असतं. वाणी दुसऱ्या पारड्याखाली दोऱ्याने एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधतो, तो पासंग. तराजू सदोष आहे हे त्याला माहीत असतं. दोष किती, तेही त्याला माहीत असतं. म्हणून माप बरोबर येतं. (दांडी मारणारा वाणी वेगळा. तोही दोष जाणतो, पण आपल्या सोयीने.) व्हीएनएचं कॅलिब्रेशन म्हणजे तंतोतंत हेच, फक्त पासंग गणिताचा. यंत्राच्या आतला कपलर पुढे जाणारी आणि परत येणारी लहर शंभर टक्के वेगळी करू शकत नाही. पोर्ट, म्हणजे यंत्राचं जोडणीचं तोंड, अगदी ५० ओहमचा नसतो. केबलमध्ये क्षय होतो. हे सगळे दोष नेहमीच्या दोन पोर्टच्या मॉडेलमध्ये बारा आकड्यांत मांडतात, सहा पुढच्या दिशेचे आणि सहा उलट दिशेचे. शॉर्ट, ओपन, लोड ही ठाऊक असलेली मापं आणि थ्रू (दोन पोर्टची थेट जोडणी) लावून आपण ते बारा आकडे काढतो आणि मग यंत्र प्रत्येक वाचनातून त्यांचा परिणाम हिशेबाने काढत राहतं.

एचपी ८५१० हे यंत्र १९८४ मध्ये आलं. ते ४५ मेगाहर्ट्झपासून २६.५ गिगाहर्ट्झपर्यंत ही दुरुस्ती चालू वाचनातच करून दाखवायचं. आमच्या पिढीला ती जादूच वाटली. पण जादू लोखंडात कमी आणि पासंगात जास्त होती. पोलार्ड आणि त्यांच्यासारख्यांनी आयुष्यं घातली ती या पासंगाच्या विद्येत: दोषांचं मॉडेल काय धरावं, ते कुठल्या मापाने काढावं, आणि काढल्यावर शिल्लक किती राहतं. यातलं काहीही विकत घेणाऱ्याला दिसत नाही. नवा अँप्लिफायर बनवला की फोटो छापून येतो. अँप्लिफायरचा आकडा खरा आहे की नाही हे पाहणाऱ्याचा फोटो कुठे येणार? म्हणून या लोकांना आपले पुरस्कार आपणच काढावे लागले, असं माझं मत. थोडं कडवट आहे, पण बदलावंसं वाटत नाही.

तुम्हाला वाटेल, एवढं मोठं गणित यंत्रात आहे, मग माणूस कशाला? सांगते.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी तेव्हा नवी होते. एका गिऱ्हाईकाचे ट्रान्झिस्टर फिक्स्चरमध्ये बसवून त्यांचं परावर्तन मोजायचं होतं, टाइप-एन कनेक्टर, वरची मर्यादा ३ गिगाहर्ट्झ. यंत्राच्या मेनूत शॉर्ट निवडताना 'मेल' की 'फीमेल' असं विचारतात. माझ्या हातात मेल शॉर्ट होता, मी मेल दाबलं. आता त्या यंत्रात तो शब्द हातातल्या मापाबद्दल नसतो, पोर्टच्या कनेक्टरबद्दल असतो. टाइप-एनमध्ये दोन्हींच्या आतली लांबी वेगळी, त्यामुळे फेज (लहरीच्या चक्रातली जागा) सगळी सरकली. कॅलिब्रेशन झाल्यावर मी खात्री म्हणून तोच शॉर्ट पुन्हा जोडला. स्मिथ चार्टवर, म्हणजे परावर्तन दाखवणाऱ्या गोल आलेखावर, अगदी जिथे हवा तिथे! खुशीत सगळे नग मोजून दिले. पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक दारात. आमच्या फेजवरून त्याने जुळणीचं सर्किट काढलं होतं आणि ते काही केल्या जुळत नव्हतं.

आमच्या सरांनी माझी वही पाहिली आणि एकच विचारलं, "ज्या मापाने पासंग बांधलास, तेच माप तोलून तराजू बरोबर म्हणतेस?"

मला त्या दिवशी कळलं ते असं. कॅलिब्रेशनला वापरलेलं माप पुन्हा मोजलं की ते बरोबरच दिसणार. यंत्राला आपणच सांगितलंय की हे असं आहे. ५० ओहमचा लोड पुन्हा जोडून "बघा, उणे ६० डीबी" म्हणणारे आजही मला दर महिन्याला भेटतात. त्या ६० डीबीवरून कनेक्टर तितकाच घट्ट पुन्हा बसला, एवढंच कळतं. खरी तपासणी करायची तर कॅलिब्रेशनमध्ये नसलेली आणि जिचं उत्तर दुसऱ्या वाटेने ठाऊक आहे अशी वस्तू हवी. माझी आवडती म्हणजे बीटी स्टँडर्ड. अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या रॉबर्ट बीटींवरून हे नाव पडलं. मधला तुकडा २५ ओहमचा असलेली ही साधी हवेची लाइन. तुकडा पाव तरंगलांबीचा असतो तिथे परावर्तन बरोबर ०.६ यायला हवं, अर्ध्या तरंगलांबीला शून्याजवळ. हे उत्तर विजेच्या कुठल्याही यंत्राने दिलेलं नाही. ते धातूच्या व्यासावरून येतं, म्हणजे मायक्रोमीटरने मोजता येतं. पाव लांबीला ०.६ च्या जागी ०.६३ दिसलं तर गुमान कॅलिब्रेशन पुन्हा करायचं.

आता तुम्ही म्हणाल, हे पुस्तकात असेल की. गणित असतं. पण कनेक्टर जोडताना केबलचा नट फिरवायचा आणि तुमचा नग स्थिर धरायचा, नग फिरवायचा नाही, नाहीतर मधली पिन घासते, हे हात धरूनच शिकवावं लागतं. ३.५ आणि २.९२ मिलिमीटरच्या कनेक्टरला टॉर्क रेंच साधारण ०.९ न्यूटन-मीटरचा, आणि रेंच 'टक' झाला की थांबायचं. रेंचचं टोकच धरायचं. स्वस्तातला एसएमए कनेक्टर चांगल्या मेट्रॉलॉजी (अचूक मापनाच्या) पोर्टला कधीही लावायचा नाही. त्याची पिन पुढे आलेली असेल तर समोरच्याची बोटं (पिन पकडणारी पाती) कायमची वाकतात, आणि त्यानंतर येणारा प्रत्येक विद्यार्थी त्या वाकलेल्या बोटांवर प्रबंध लिहितो. म्हणूनच मापनाचा अभियंता आणि मापनाचा शिक्षक हे दोन वेगळे पेशे आहेत असं मला वाटत नाही. ही विद्या दुसऱ्याच्या हातात उतरली नाही तर पुढच्याचा आकडा पुन्हा चुकीचा. पोलार्डांच्या स्मरणार्थ विद्यार्थ्यासाठी फेलोशिप काढली हे मला त्यामुळे फार नेमकं वाटतं.

आता तुमचे ०.३ डीबी.

इथे बरंचसं तुमच्या परिस्थितीवर आहे, म्हणून जे तुमच्या प्रश्नात नाही ते मी गृहीत धरते. फिल्टर छापील पाटीवर (पीसीबी) आहे, दोन्ही बाजूंना २.९२ चे कडेला बसणारे कनेक्टर आहेत, आणि कॅलिब्रेशन तुम्ही केबलच्या टोकापर्यंत करता. तसं असेल तर तुमच्या मोजमापात फिल्टर अधिक दोन कनेक्टर आहेत. सिम्युलेशनमध्ये बहुधा कनेक्टर नाहीत, किंवा आदर्श आहेत. मग ०.३ डीबीचा काही भाग रोज सारखाच असेल, तो कनेक्टर आणि पाटीचा. जो रोज बदलतो तो जोडणीचा आणि केबलचा. हे दोन भाग वेगळे करणं हे पहिलं काम. ते केल्याशिवाय आलेख गुळगुळीत करणं म्हणजे तराजूची दांडी हाताने सरळ धरून वजन सांगणं.

प्रमाण लक्षात यावं म्हणून: २४ गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी १२.५ मिलिमीटर. जोडणीच्या लांबीत ०.१ मिलिमीटरचा फरक पडला तरी जवळपास ३ अंश फेज इकडची तिकडे होते, परावर्तनात दुप्पट. शिवाय मधली पिन मागे राहून फट पडली तर तिचं परावर्तन वेगळंच. आणि रिटर्न लॉसबद्दल (परत येणारी लहर किती डीबीने कमी आहे ते) एक साधा हिशेब पाठच करा. कॅलिब्रेशननंतर शिल्लक डायरेक्टिव्हिटी (पुढची आणि परतीची लहर वेगळी करण्याची यंत्राची कुवत) ४० डीबी आहे आणि तुम्हाला वाचनही ४० डीबीच आलं. म्हणजे वाचन ०.०१, शिल्लक दोष ०.०१. दोन्ही मिळाले किंवा एकमेकांना खाल्लं, तर खरं परावर्तन शून्यापासून ०.०२ पर्यंत कुठेही असू शकतं. म्हणजे ३४ डीबीपासून अनंतापर्यंत. असा आकडा पेपरात "४०.२ डीबी" म्हणून छापलेला पाहिला की मी पान उलटते.

पाटीवरच्या कनेक्टरचा परिणाम काढून टाकायचा असेल तर टीआरएल हा चांगला मार्ग: थ्रू (थेट जोडणी), रिफ्लेक्ट (शॉर्टसारखं परावर्तन करणारं माप), लाइन (ठरावीक लांबीची वाहक पट्टी). एंगन आणि होअर या दोघांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत. तिचं सौंदर्य असं, की शॉर्टचा नेमका आकडा माहीत असावा लागत नाही, दोन्ही पोर्टना तो सारखा असला की पुरे. फक्त लाइन नीट हवी. पण सौंदर्याला दोन काटे आहेत आणि दोन्ही तुम्हाला टोचत असावेत.

पहिला काटा म्हणजे, टीआरएल धरून चालतं की थ्रू, लाइन आणि तुमचा फिल्टर, तिन्हींचे कनेक्टर हुबेहूब सारखे आहेत. तुम्ही प्रत्येक पाटीवर वेगळे कनेक्टर डाखले असतील तर ते सारखे नाहीत. डाखाचा एक थेंब इकडेतिकडे झाला तरी २४ गिगाहर्ट्झला दिसतो. शक्य असेल तर स्क्रूने आवळले जाणारे कनेक्टर घ्या आणि तीच जोडी सगळ्या पाट्यांवर फिरवा. महाग असतात, मान्य. दोनच लागतात. दुसरा काटा असा, की टीआरएल तुमच्या पाटीच्या लाइनलाच प्रमाण मानतं. लाइन ५२ ओहमची छापली गेली असेल तर सगळी उत्तरं ५२ ओहमच्या संदर्भात येतील, आणि तुम्ही ती ५० च्या सिम्युलेशनशी ताडून पाहत बसाल. लाइनची रुंदी सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. पाटी बनवणारा रेखाटनाप्रमाणे कोरतोच असं नाही. आणि लाइनची लांबी थ्रूपेक्षा अशी हवी, की फेजचा फरक पूर्ण पट्ट्यात २० ते १६० अंशांत राहील. त्याच्या टोकाला गेलात की पासंगच डुगडुगायला लागतो.

पहिली परीक्षा मी अशी सुचवेन. नवं कॅलिब्रेशन करा, फिल्टर जोडा, मोजा, पूर्ण सोडवा, पुन्हा जोडा. दहा वेळा. केबल टेबलाला चिकटपट्टीने बांधून ठेवा, हलू देऊ नका, आणि एसी सुरू करून तासभर झाल्यावरच सुरुवात करा. दहा वाचनांचा पसारा ०.०५ डीबीत बसला, तर तुमचा दोष जोडणीत नाही, पाटीत किंवा मॉडेलमध्ये आहे. ०.२ च्या पुढे गेला, तर आधी कनेक्टर भिंगाखाली धरा आणि पिनची खोली गेजने बघा. मग दुसरी फेरी: तीन थ्रू, एकाच रेखाटनाचे, वेगवेगळ्या पाट्यांवर. त्या तिघांतला फरक हीच तुमच्या मापनाची कुवत. त्याखालचा कोणताही दावा करू नका.

आणि मोजणं म्हणजे संशोधन का? नुसतं मोजणं, नाही. "फरक ०.३ होता, त्यातला इतका कनेक्टरच्या अदलाबदलीचा, इतका लाइनच्या रुंदीचा, उरलेला इतका मला समजलेला नाही", असं लिहिता आलं, आणि वेगळे करण्याची पद्धत दुसऱ्याला वापरता आली, तर हो. तुमच्या गाईडना ते कळलेलं दिसतंय. असे गाईड जपा.

अर्जाबाबत. पात्रता, रक्कम, मुदत हे त्या वर्षीच्या सूचनेत स्वतः वाचा, माझ्यावर विसंबू नका. लिहिताना फिल्टरची थोरवी गाऊ नका, ते वाचणाऱ्यांना फिल्टर ढीगभर माहीत आहेत. अनिश्चितता किती आणि ती कशी काढली हे पहिल्या परिच्छेदात येऊ द्या. तुमची उपकरणं साधी असतील तर तसंच लिहा. जुन्या यंत्रावर दोष नीट समजून केलेलं काम नव्या यंत्रावर बटण दाबून केलेल्या कामापेक्षा या लोकांना जास्त भावतं, असा माझा अंदाज आहे.

फेलोशिप मिळाली तर नोकरीला उपयोग होईल का, हे तुम्ही विचारलं नाही पण मनात असेल. बाहेर, उपकरणांच्या कंपन्यांत किंवा मानक संस्थांत, होईल. इथल्या डिझाइनच्या नोकरीत मुलाखत घेणाऱ्याला ते नावही माहीत नसेल, तिथे तुम्हाला ०.३ डीबीची गोष्टच सांगावी लागेल. ती नीट सांगता आली तर चांगला मुलाखतकार ताठ बसतो. मी स्वतः माणसं निवडली तेव्हा एक वापरलेला कनेक्टर आणि भिंग पुढे ठेवून "काय दिसतंय?" एवढंच विचारायचे. "चांगला आहे" म्हणणारे बरेच असायचे. पिनवरचा ओरखडा दाखवून "हा आधी कशाला लावला होता?" असं उलट विचारणारी एक मुलगी आली होती, तिला मी पुढचा प्रश्नच विचारला नाही.

दहा वाचनांचा आलेख काढा, कच्चा, गुळगुळीत न करता, आणि इथेच टाका. कनेक्टर डाखलेले आहेत की स्क्रूचे तेही लिहा. मग पुढचं बोलू.